अंत्यविधीची सेवा: पॅकेजवाले, पेठेतले काका आणि वैकुंठ

सासरे, आमचे अण्णा, गेल्या पावसाळ्यात गेले. वय 88, घरीच, पहाटे झोपेत. पूर्वी अशा वेळी फोन कुणाला लावायचा हा प्रश्नच पडत नसे. वाड्यात, चाळीत एक तरी गृहस्थ असत, ज्यांना बांबू कुठून आणायचे, तिरडी कशी बांधायची, मडकं कुणी धरायचं हे सगळं तोंडपाठ असे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत योगासनं शिकवणारे दोघे आहेत, तिरडी बांधता येणारा एकही नाही. म्हणजे पैसे मोजून सेवा घेणं आलं. आणि पैसे मोजून घेतलेल्या मिक्सरबद्दल, सहलीबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात, मग याबद्दलही लिहायला हरकत नसावी. मी बँकेत नोकरी केली आहे. पावती पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे पुढे दिसेलच.

ज्यांची सेवा घेतली त्यांचं नाव मुद्दाम देत नाही. हा धंदा माणसांवर चालतो. आज तिथे चांगला माणूस आहे, वर्षाने कोण बसेल सांगता येत नाही. त्यांनी काय विचारलं, काय केलं ते मात्र सांगते. ते कुठल्याही गावात, कुठल्याही सेवेला ताडून बघता येईल.

आधी फोन लावला तो पुतण्याने मोबाईलवर शोधून दिलेल्या एका कंपनीला. पलीकडची मुलगी अतिशय गोड बोलली. शोक व्यक्त केला, आणि पुढच्याच वाक्याला सिल्व्हर, गोल्ड की प्लॅटिनम असं विचारलं. गोल्डमध्ये सजवलेली गाडी, फुलांची चादर, पितळी कलश, गुरुजी आणि परदेशातल्या नातेवाइकांसाठी थेट प्रक्षेपण. दाखला कुणी दिलाय, कधी गेले, घरी की हॉस्पिटलात, यातलं काहीच नाही. मीच म्हटलं, डॉक्टर अजून यायचेत. तर म्हणाली, "डोंट वरी मॅम, डॉक्टरांचं सर्टिफिकेटही आम्ही अरेंज करतो." तिथे मी फोन ठेवला. आमच्या अण्णांना कधी न पाहिलेला डॉक्टर ते कशाने गेले हे लिहून देणार असेल, तर तो कागद मला नको. घरी मृत्यू झाला की शेवटच्या आजारात ज्यांचं औषध चालू होतं त्या डॉक्टरांनी कारणाचा दाखला द्यायचा असतो, फॉर्म 4-अ. हॉस्पिटलात झाला तर फॉर्म 4, आणि तो हॉस्पिटलने विनाशुल्क द्यायचा हे कायद्यातच आहे. ज्यांचे कुणी नेहमीचे डॉक्टर नाहीत त्यांची इथे पंचाईत होते. घरात म्हातारं माणूस असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी बघून जाणारा एक डॉक्टर धरून ठेवाच.

मग खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पेठेतल्या एका दुकानाचा नंबर दिला. अंत्यविधीचं साहित्य विकणारं जुनं दुकान, आता गाडी आणि माणसंही पुरवतात. फोन स्वतः मालकांनी, म्हणजे या काकांनीच उचलला. आवाज झोपेतला, पण प्रश्न एकापाठोपाठ एक, आणि सगळे कामाचे. कधी गेले? डॉक्टर येऊन गेले का? नेत्रदान करायचंय का? करायचं असेल तर सहा तासांच्या आत, तोवर पंखा बंद करा, डोळ्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. कितवा मजला, आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का? कुणाची वाट बघायचीय का, म्हणजे शीतपेटी लागेल? आणि शेवटी, "ताई, छातीत पेसमेकर वगैरे बसवलेला होता का?"

होता. आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पेसमेकरची बॅटरी उष्णतेने फुटते, दाहिनीचं नुकसान होतं, शेजारी उभ्या माणसाला इजा होऊ शकते. लाकडावर दहन केलं तरी तो काढावाच लागतो. काका म्हणाले, "डॉक्टर दाखल्याला येतील तेव्हाच सांगा, सामान घेऊन या म्हणावं." डॉक्टर आले, कॉलरबोनच्या खाली छोटासा छेद देऊन त्यांनी तो काढला, दोन टाके घातले, वर पट्टी लावली. सगळं पंधरा मिनिटांत. हेच वैकुंठ स्मशानभूमीच्या दारात लक्षात आलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून बघा. माझं मत तिथेच ठरलं. पैशाचं बोलणं अजून झालंच नव्हतं. मी विचारल्यावर त्यांनी फोनवरच गाडीचे, माणसांचे आणि सामानाचे पैसे सुटे सुटे सांगितले, आणि वर हेही सांगितलं की महापालिकेची शववाहिनी, म्हणजे पुष्पक, मिळत असेल तर ती घ्या, माझी गाडीच घेतली पाहिजे असं नाही. पावसात थांबायचं नव्हतं म्हणून आम्ही त्यांचीच घेतली.

दीर मेलबर्नला असतात. ते म्हणाले, माझ्यासाठी अण्णांना ताटकळत ठेवू नका. त्यामुळे शीतपेटी लागली नाही, आणि थेट प्रक्षेपण पुतण्याने फोन हातात धरून फुकटात केलं.

दोन माणसं आली. वयाने तरुण, अंगात साधे शर्ट, चपला दाराबाहेर काढल्या. लिफ्ट त्यांनी स्वतः मापून पाहिली आणि एकमेकांकडे बघून मान हलवली. स्ट्रेचर उभं करून नेणं शक्य होतं, पण ते त्यांनी नाही म्हटलं. तिरडी खाली पार्किंगमध्ये बांधली आणि अण्णांना घट्ट कापडात धरून जिन्याने उतरवलं. प्रत्येक वळणावर पुढचा मागच्याला हळू आवाजात "पाय, पाय" सांगत होता.

त्याआधी घरातला एक प्रसंग, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. आंघोळ घालताना त्यांच्यातल्या मोठ्याने माझ्या नवऱ्याला आणि नणंदेला जवळ बोलावून घेतलं. बोटात रुतलेली अंगठी साबण लावून काढली, कानातलं यंत्र काढलं (त्यातही बॅटरी असते, तेही आत जाऊ द्यायचं नाही), कवळी काढू की ठेवू ते विचारलं. प्रत्येक वस्तू मोठ्याने नाव घेऊन नणंदेच्या तळहातावर ठेवली. मग ते सगळं एका पाकिटात घालून नवऱ्याची सही पाकिटावर घेतली आणि पाकीट त्याच्याच खिशात दिलं. सोसायटीतर्फे आलेली चकचकीत शाल मात्र बाजूला काढली. "पॉलिस्टर आहे, वितळतं," एवढंच म्हणाला. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते फारसं आवडलं नाही. असो.

वैकुंठाबद्दल नव्याने सांगण्यासारखं फार नाही, पुण्यात कुणी गेला नाही असा माणूस विरळा. नवी पेठेत, मुठेच्या काठाला. विद्युतदाहिनी, गॅसदाहिनी आणि लाकडाचे शेड, तिन्ही आहेत. धुराबद्दल आसपासच्या रहिवाशांची तक्रार जुनीच आहे आणि रास्त आहे. एका दहनाला काही शे किलो लाकूड जातं. मुंबई महापालिका तर तिच्या स्मशानात एका दहनासाठी 300 किलो लाकूड मोफत देते, यावरून अंदाज करा. अण्णांनी स्वतःच "माझ्यासाठी झाड नको" असं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे वीज की लाकूड यावर घरात खल झाला नाही. दाखला, अण्णांचं आधार, नवऱ्याचं आधार आणि दहनासाठीचा पालिकेचा पास हे कागद काकांच्या माणसाने आधीच एका पारदर्शक फोल्डरमध्ये लावून ठेवले होते. खिडकीवर नवऱ्याला फक्त सही करावी लागली.

गुरुजींच्या बाबतीत काकांनी हात झटकले, आणि ते बरंच केलं. म्हणाले, गुरुजी तुम्ही तुमचे ठरवा, त्यांची दक्षिणा माझ्या बिलात नको. नणंदेला स्वतःच्या हाताने अग्नी द्यायचा होता आणि विधीचा अर्थही कळायला हवा होता. ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने मराठीत अर्थ सांगत विधी करणारे पुरोहित पुण्यात आहेत, त्यात स्त्रियाही आहेत. आम्ही त्यांच्यातल्याच एका बाईंना बोलावलं. दाहिनीच्या दाराशी नणंदेने कापूर ठेवला. एका मामांनी तोंड वाकडं केलं. ते दरवेळी करतात.

दाहिनीत दहनाला सव्वा-दीड तास आणि मग निवायला वेळ. सेवा देणारे बहुतेक इथपर्यंत थांबत नाहीत, गाडी रिकामी झाली की निघतात. काकांचा एक माणूस थांबला. अस्थी मिळाल्या तेव्हा त्याने आधी चिठ्ठीवरचा क्रमांक आणि ट्रेसोबतचा क्रमांक आम्हाला मोठ्याने वाचायला लावला, मगच मडकं पुढे केलं. आपल्या हातात आलेल्या अस्थी आपल्याच माणसाच्या आहेत, ही खात्री प्लॅटिनममध्येही यापेक्षा वेगळ्या रीतीने मिळत नसते.

आता कागद. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. स्मशानातले कागद पालिकेकडे जातातच, तरी नोंद झाली की नाही ते आपण जाऊन पाहायचं. मुदतीत नोंद झाली तर मृत्यूचा पहिला दाखला विनाशुल्क मिळतो, आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर तो नोंदणी झाल्यावर सात दिवसांच्या आत द्यायचा आहे. "घरपोच दाखला" म्हणून काही जण जे हजार-दोन हजार घेतात ते नुसत्या हेलपाट्याचे. ज्यांना वेळ नाही त्यांनी जरूर द्यावेत, पण तो सरकारी आकार आहे असं समजू नये.

खरी ग्यानबाची मेख स्पेलिंगमध्ये असते. बँकेत माझ्या टेबलासमोर विधवा बायका बसलेल्या मी पाहिल्या आहेत, दाखल्यावर नवऱ्याचं नाव एक, पासबुकावर दुसरं, पेन्शनच्या कागदावर तिसरं. दत्तात्रयचा दत्तात्रेय झाला की खातं अडलं. अर्ज भरतानाच पासबुक, पेन्शनचा कागद आणि आधार शेजारी ठेवून मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं एकेक अक्षर ताडून लिहा. दुःखाच्या घाईत हे काम पुतण्यावर सोडतात आणि मग दुरुस्तीसाठी चपला झिजवतात. प्रतीही भरपूर घ्या. बँक, विमा, पेन्शन, फ्लॅट, गॅस, जो तो मूळ प्रत मागतो.

काकांचं बिल आलं ते छापील पावतीपुस्तकावर, हाताने लिहिलेलं. तिरडीचं साहित्य, गाडी, दोन माणसं, बेरीज. दहा हजारांच्या आत. फोनवर सांगितलेल्या आकड्यात आणि यात फरक शून्य. त्या पॅकेजवाल्यांचा गोल्डचा आकडा दरम्यान व्हॉट्सअॅपवर येऊन पडला होता, बेचाळीस हजार, आणि त्यावर आणखी 18 टक्के जीएसटी. हे वाचून माझ्यातली बँक जागी झाली. अंत्यविधी, दहन, दफन, शवागार आणि पार्थिवाची वाहतूक या सेवांवर जीएसटी लागतच नाही. जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत त्या सरळ वगळलेल्या आहेत. म्हणजे जो कर अस्तित्वातच नाही तो रडणाऱ्या माणसाकडून वसूल करायचा. त्या क्षणी कोण अनुसूची उघडून बघणार, हा त्यांचा हिशोब. सेवा कुठलीही घ्या, कोटेशनच्या तळाशी जीएसटीची ओळ दिसली तर "हा कशावर लावला?" एवढं विचारा. उत्तरावरून बाकीच्या आकड्यांचाही अंदाज येतो.

काकांना पाचपैकी चार. एक गुण कापला त्याची कारणं सांगते. हार शिळे होते, झेंडूच्या पाकळ्या हाताला चिकट लागत होत्या, आणि भर पावसाळ्यात ताजी फुलं मिळत नाहीत हे मी ऐकून घेणार नाही. साहित्याच्या पुडक्यात आमच्या विधीला न लागणाऱ्या बऱ्याच वस्तू होत्या, त्या परत घेत नाहीत म्हणाले. गाडीच्या चालकाचा फोन वाटेत वाजला आणि त्याची रिंगटोन लावणीची होती. अण्णांना लावणी आवडायची म्हणून नणंद तेवढ्यात हसली, पण ते आमचं नशीब. चालकाला फोन बंद ठेवायला सांगणं हे मालकाचं काम आहे.

आणि ज्यांची सेवा आम्ही घेतलीच नाही त्या कंपनीचा दिवाळीत नवऱ्याला मेसेज आला. ज्येष्ठ नागरिकांसाठी आगाऊ नोंदणी, आजच पैसे भरल्यास वीस टक्के सूट. नवऱ्याने तो मला पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "सूट जीएसटीच्या आधी की नंतर, विचारून ठेव."