एआयची नीतिमत्ता एआयलाच विचारावी का?

भाची जळगावला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय: एआयची नीतिमत्ता आणि मर्यादा. "मामा, बॉटलाच विचारून टाकते," म्हणाली. म्हणजे ज्याची झडती घ्यायची त्यालाच पंच नेमायचं. तरी म्हटलं, करून बघू. तिच्यापुढे तीन वाटा होत्या: बॉटला (म्हणजे चॅटजीपीटीसारख्या एआयला) थेट विचारणं, कागद पुढ्यात टाकून विचारणं, किंवा माणूस गाठणं.

थेट विचारण्यात सोय मोठी. पूर्वग्रह, खासगीपणा, जबाबदारी असे सगळे मुद्दे पाच मिनिटांत नीटस मराठीत मिळाले. "तुझ्या मर्यादा सांग" म्हटल्यावर नम्रपणे उत्तर आलं की मी चुकू शकतो, माहिती तपासून घ्या. लगेच मी विचारलं, "अहिराणीत आंडेर म्हणजे काय?" पठ्ठ्याने ठोकून दिलं: अंडी देणारी कोंबडी! वर वाक्यात उपयोगही करून दाखवला. आंडेर म्हणजे मुलगी. समोर बसलेली आमची आंडेर हसून लोटपोट. 2011 च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी धरून) बोलणारे 18 लाखांवर, पण नेटवर या बोलीतलं लिखाण चिमूटभर. मशीनने शिकायचं तरी कशावरून?

आपण चुकू शकतो हे त्याला पाठ होतं, पण चुकायची वेळ आली तेव्हा कळलं नाही. शिकलेल्या मजकुराच्या धाटणीवरून पुढचा शब्द जुळवत जायचं, असं हे यंत्र. "मी चुकू शकतो" हे वाक्यही तसंच जुळलेलं असतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दाखल केले. त्यातल्या एकाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, हा खटला खरा आहे ना? तो म्हणाला, खरा आहे. दंड बसला 5,000 डॉलर.

दुसरी खोड हो ला हो करण्याची. भाचीने विचारलं, "एआयमुळे केळी उत्पादकाचं भलंच होईल ना?" उत्तर: नक्कीच. नव्या चॅटमध्ये उलटं विचारलं, "एआय केळी उत्पादकाला बुडवणार ना?" तर चिंता रास्त आहे, म्हणे.

कागद पुढ्यात टाकून विचारलं की हा प्रकार बराच आटोक्यात येतो. युनेस्कोच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर 2021 मध्ये एआयच्या नीतिमत्तेवर शिफारस स्वीकारली. ती फाइल चढवायची आणि "फक्त यातूनच सांग, परिच्छेद क्रमांकासह" असं बजावायचं. क्रमांक आपण उघडून बघायचा, तिथे आळस नको. बॉटच्या स्वभावाबद्दल लिहायचं असेल तर चॅटजीपीटीवाली ओपनएआय आणि क्लॉडवाली अँथ्रोपिक या कंपन्यांनी आपापल्या मॉडेलने कसं वागावं याचे दस्तऐवज जाहीर केले आहेत, तेच वाचावेत. हे दस्तऐवज बदलतातही. गूगलने 2018 च्या एआय तत्त्वांत शस्त्रांसाठी एआय बनवणार नाही असं म्हटलं होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये ते कलम काढून टाकलं. ज्या बॉटचं शिक्षण त्याआधी थांबलं, तो नेट न शोधता बोलला तर जुनंच सांगणार.

मग चॅटजीपीटी घ्यावा, गूगलचा जेमिनी की क्लॉड? या कामापुरता मला फार फरक वाटत नाही. नेटवर शोधून उत्तर देतोय की आठवणीतून, एवढं मात्र बघा. आणि कुठल्याच बॉटमध्ये आधार किंवा सातबारा टाकू नका.

माणूस गाठायला वेळ लागतो, पण खानदेशात या विषयाला घर आहे. अमळनेरचं तत्त्वज्ञान केंद्र 1916 पासूनचं. "विम्याचा दावा मशीनने नाकारला तर जबाबदार कोण?" यावर बॉट म्हणाला, सर्व घटकांची सामूहिक जबाबदारी. हाच प्रश्न रावेरच्या एका केळीवाल्याला टाकला. तो म्हणाला, "सही कोनी करेल शे, ते सांगा." म्हणजे सही कोणी केलीय, ते सांगा.

प्रकल्पाचं पहिलं प्रकरण भाचीने तिथूनच सुरू केलंय. मुद्द्यांची यादी बॉटकडून घेतली, पुरावे कागदांतून. मर्यादांच्या प्रकरणासाठी वीस अहिराणी शब्द काढायला ती आजीकडे धरणगावला गेलीय.