वेगळा पासवर्ड ठेवायचा की गूगलने लॉगिन करायचं?

नवीन ॲपवर अकाउंट काढताना हा प्रश्न पडत असेल तर मे २०१७ मधलं झोमॅटोचं प्रकरण बघाच. साधारण १.७ कोटी युजर्सचा डेटा चोरीला गेला, पण पासवर्डचे हॅश (म्हणजे पासवर्डचं गणिताने विस्कटलेलं रूप) त्यातल्या ६६ लाख लोकांचेच होते, कारण जे गूगल किंवा फेसबुकवरून लॉगिन करायचे त्यांचा पासवर्ड झोमॅटोकडे नव्हताच, मग चोरणार काय? नाव आणि ईमेल मात्र गेलं ते गेलंच.

आणि चोर आत शिरला कसा, तर ०००वेबहोस्ट नावाच्या साइटचा डेटा २०१५ मध्ये फुटला होता, त्यात झोमॅटोच्या एका डेव्हलपरचा पासवर्ड होता, तोच गिटहबवरही (कोड साठवायची साइट) चालत होता, तिथून कोड हाती लागला आणि कोडमधल्या त्रुटीतून थेट डेटाबेस. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाचं असं होतं तर आपण सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणं किती धोक्याचं आहे बघा.

पासवर्ड मॅनेजरचा, म्हणजे सगळे पासवर्ड लक्षात ठेवणाऱ्या ॲपचा, फायदा म्हणजे प्रत्येक ॲपला वेगळा पासवर्ड, एक फुटला तरी बाकीचे शाबूत, शिवाय साइट खोटी असेल तर तो आपणहून पासवर्ड भरतच नाही. पण ही शिस्त सगळ्यांना जमत नाही. आईबाबांसाठी मी तरी गूगल लॉगिनच सांगेन. त्यात अडचण एकच, गूगलचं अकाउंट गेलं की त्यावर उघडलेलं सगळंच अडकलं, म्हणून कुलूप तिथे पक्कं हवं.

त्यासाठी एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा, पण कुणी तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं तर ओटीपी त्याच्याकडे जातो. ऑथेंटिकेटर ॲपचा दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड फोनमध्येच तयार होतो, त्यामुळे सिम गेलं तरी फरक पडत नाही. फोनवर गोड बोलून कोड काढून घेणाऱ्यांपुढे मात्र दोन्ही सारखेच, तिथे पासकीच (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा पिनने लॉगिन) भारी, कारण वाचून दाखवायला काही नसतंच.

माझं मत विचाराल तर बँक आणि मुख्य ईमेलला स्वतंत्र लांबलचक पासवर्ड, खाण्यापिण्याच्या-खरेदीच्या ॲप्सना गूगल लॉगिन, आणि गूगलला पासकी. फोन हाताशी नसताना लॉगिन करायला गूगल १० बॅकअप कोड देतं, ते कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, फोनमध्ये स्क्रीनशॉट नको, फोनच हरवला तर तो कुठून बघणार?