पीसीओएस: जिमची वजनं की घरचा रबरी पट्टा?

पीसीओएसमध्ये, म्हणजे बायकांमधल्या हार्मोन्सच्या असंतुलनाच्या विकारात, बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला (साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनला) नीट दाद देत नाही. स्नायूंना काम दिलं की ते रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून शिवाजी पार्कच्या फेऱ्यांवरच भागवू नये. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आठवड्यातून २ दिवस, लागोपाठ नव्हे, स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितलाय.

जिममध्ये वजन मोजून वाढवता येतं: आज ५ किलोचं डंबेल, महिन्याभराने साडेसात. पण संध्याकाळच्या बोरिवली लोकलमधून उतरल्यावर त्राण कुणाला उरतं?

रबरी पट्टा खिडकीच्या ग्रिलला अडकवला की कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक सेट होतो. ताण नेमका किती वाढला, ते मात्र कळत नाही. तरी मी पट्ट्याच्याच बाजूची. जिमची वर्षाची फी भरून मी जेमतेम ११ वेळा गेले होते.