पहिली नोकरी पुण्यात: कॉट बेसिस की तिघांत फ्लॅट?

घरून पैसे मागवायचे नाहीत असं ठरवलं असेल, तर बजेटचा सगळ्यात मोठा निर्णय राहण्याचा. त्याआधी एक सांगतो, सीटीसीला, म्हणजे कंपनी वर्षाला तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाला, १२ने भागून गणित मांडू नका. बेसिकच्या १२ टक्के पीएफ कापला जातो, कंपनीचा वाटाही बऱ्याचदा सीटीसीतच धरलेला असतो. वर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५ हजार पगारापर्यंत तो माफ आहे.

समजा, हातात २८ हजार पडतात.

कॉट बेसिस म्हणजे पेठेत नाहीतर कर्वेनगरात एका खोलीत दोन-तीन कॉट, त्यातली एक तुमची. कॉटचे ५ आणि मेसचे ४ धरले, तर ९ हजारांत राहणं-जेवण सुटतं. डिपॉझिट किरकोळ, सोडताना महिनाभर आधी सांगायचं. जाच मालकांच्या नियमांचा. शिवाय रविवारी रात्री मेस बंद, तेव्हा महिन्याची चार जेवणं बाहेरची धराच.

फ्लॅटचं भाडं तिघांत वाटलं की कागदावर परवडेलसं दिसतं. खरी मेख सुरुवातीला आहे. ३० हजार भाडं, तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि एका महिन्याचं ब्रोकरेज धरा: माणशी ३० अधिक १०, वर पहिलं भाडं १०. पहिला पगार यायच्या आधीच ५० हजार! ते कोण देणार? बाबाच. त्यात गॅस, शेगडी, बादल्या, वायफाय, महावितरणचं बिल आणि कराराची नोंदणी. करार ११ महिन्यांचा असला तरी ती चुकत नाही. शिवाय एकाला बंगळुरूत नोकरी लागली, की उरलेल्या दोघांवर १५-१५ हजार.

म्हणून प्रोबेशन संपेपर्यंत कॉटच बरी, असं माझं मत. तीन महिन्यांचा खर्च आणि डिपॉझिटचा आपला वाटा खात्यात साठला, की खुशाल फ्लॅट बघा. अपवाद हिंजवडीतल्या रात्रपाळीचा. पेठेतून तिथं रोज ये-जा करण्यात पैसा आणि झोप दोन्ही जातं, तेव्हा हिंजवडीजवळच्या वाकडचा फ्लॅटच परवडतो.

फ्लॅट घेतलाच, तर करारात तिघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर असला, तर बाकीचे निघून गेल्यावर मालक सगळं भाडं त्याच्याकडूनच वसूल करणार.