हळदीचे गाल आणि गरब्याचे दिवे: चेहऱ्याच्या रंगासाठी प्रीमियर की रिझॉल्व्ह?

बडोद्यात लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या हार्डडिस्कवर नवरीचे दोन चेहरे असतात. एक सकाळचा, दांडिया बाजारातल्या घराच्या चौकात हळदीने माखलेला. दुसरा रात्रीचा, गावाबाहेरच्या पार्टी प्लॉटवर निळ्या-जांभळ्या एलईडीखाली गरबा खेळणारा. आपल्या लग्नांतही आता आदल्या रात्री गरबा लागतोच. फिल्म हातात पडली की घरचे मंडप बघत नाहीत, ड्रोन बघत नाहीत, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हिचा चेहरा असा का दिसतोय हो?" त्यामुळे एडिटिंगचं आणि रंग सुधारण्याचं सॉफ्टवेअर निवडताना बाकीचं बाजूला ठेवून चेहऱ्यापुरतं बघितलं तरी निम्मा निर्णय होतो.

समोर चार रस्ते आहेत: विकतचे तयार लट (रंग बदलणाऱ्या फाइली), प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं ल्युमेट्री हे रंगाचं साधन, दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आणि त्याचीच विकतची स्टुडिओ आवृत्ती. माझा कल आधीच सांगून टाकतो. एकट्याने शूट आणि एडिट करणाऱ्याने फुकटच्या रिझॉल्व्हवर हात बसवावा. स्टुडिओचे पैसे गरब्यासाठी द्यावेत, सकाळच्या हळदीसाठी नव्हे.

लटचं लवकर आटपू. लट म्हणजे एक कोष्टक: हा रंग आत आला तर तो बाहेर द्यायचा. नेहमीच्या ३३ बिंदूंच्या लटमध्ये ३५,९३७ नोंदी असतात, पण समोर गाल आहे की सागवानी दरवाजा, हे त्यातल्या एकाही नोंदीला कळत नाही. बाजारातले बरेचसे 'सिनेमॅटिक' लट गोऱ्या कातडीवर तपासून विकलेले असतात. सावळा चेहरा मुळातच थोडा खाली एक्स्पोज झालेला असतो. लटच्या कॉन्ट्रास्टने तो आणखी खाली दाबला जातो आणि जबड्याखालची सावली विटकरी होते. कॅमेऱ्याच्या लॉगमधून (फिक्या दिसणाऱ्या रेकॉर्डिंगमधून) रेक.७०९ मध्ये, म्हणजे टीव्हीच्या नेहमीच्या रंगांत, आणायला कंपनीचा लट जरूर वापरा. त्यापुढचं काम त्याच्यावर सोडू नका.

आता खरी जोडी. ल्युमेट्री २०१५ साली प्रीमियरमध्ये आलं आणि ज्यांचं सगळं एडिटिंग तिथेच होतं त्यांना ते सोयीचं आहे, यात वाद नाही. टाइमलाइन सोडावी लागत नाही, फाइल इकडून तिकडे न्यावी लागत नाही. चेहऱ्याची कातडी वेगळी काढायला त्यात एचएसएल सेकंडरी (ठरावीक रंगच निवडणारं साधन) आहे, फ्रेमचा एक भाग वेगळा काढणारा मास्क आहे, मास्क चेहऱ्यामागे हलवणारं ट्रॅकिंगही आहे. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत याच कामाला अनुक्रमे क्वालिफायर, पॉवर विंडो आणि ट्रॅकर आहेत. नावं वेगळी, काम तेच, असं कागदावर वाटतं. फरक कळायला हळदीचीच क्लिप घ्यावी.

नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत बसलेली आहे. गालाला हळद, गळ्यात ठुशी, मागे लाकडी दार. रंग उचलणाऱ्या पिकरने गालावर टिचकी मारा: गाल निवडला जातो, पण सोबत ठुशी, साडीची घडी, दाराची चौकट आणि आत्याबाईंचा हातही. हे सगळे रंग लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एकाच पट्ट्यात राहतात, त्याला सॉफ्टवेअर काय करणार! म्हणून निवड रंगाने करायची आणि कुंपण आकाराने घालायचं: चेहऱ्याभोवती लंबगोल विंडो, तिच्या आत क्वालिफायर, आणि विंडोला ट्रॅक. नवरी हसते, मान वळवते, कुणीतरी पुढ्यात येऊन हळद लावून जातं. रिझॉल्व्हचा ट्रॅकर इथे पुढे निघून जातो. तो भराभर चालतो, वळण आणि आकारातला बदलही बऱ्यापैकी पकडतो. मधे हात आडवा आला तर तेवढ्या फ्रेम हाताने सावरता येतात. प्रीमियरच्या जुन्या आवृत्त्यांतला मास्क तेच काम रडतखडत करतो. एका क्लिपला चालेल. हळदीच्या पन्नास क्लिपा असल्या की रात्र जाते.

दुसरा फरक नोडचा, म्हणजे रंगाच्या कामाच्या सुट्या टप्प्यांचा. ल्युमेट्रीत आतल्या विभागांचा क्रम ठरलेला आहे. तो बदलायचा तर एकावर दुसरा इफेक्ट चढवावा लागतो. रिझॉल्व्हमध्ये पहिल्या नोडवर अख्ख्या फ्रेमचा व्हाइट बॅलन्स, दुसऱ्यावर चेहरा, तिसऱ्यावर साडी, असं वेगवेगळं मांडता येतं आणि एकेक बंद करून तपासता येतं. बिघडलं कुठे, ते लगेच सापडतं. पहिले काही आठवडे नोडचा वैताग येतो, हेही खरं.

व्हेक्टरस्कोपवरची (रंगाची दिशा आणि गडदपणा दाखवणाऱ्या गोल आलेखावरची) स्किन टोनची रेघ दोन्हीकडे मिळते. लाल आणि पिवळ्याच्या मधे, घड्याळात अकरा असतात त्या दिशेला. एनटीएससी या जुन्या टीव्ही पद्धतीच्या एका रंग-अक्षावरून ती आलेली आहे आणि अजून उपयोगी पडते, कारण कातडीचा रंग रक्त आणि मेलॅनिन यांतून बनतो. गोरा, गव्हाळ, सावळा, सगळे त्या रेघेच्या आसपासच पडतात. वेगळा असतो तो मुख्यतः उजेड. मात्र हळदीचा गाल त्या रेघेवर ओढू नका. हळद पिवळीच असते, ती रेघेवर आणली की केशरी दिसायला लागते. कपाळ, मान, मनगट, जिथे हळद लागलेली नाही तिथे छोटा मास्क काढून तेवढंच स्कोपवर बघा.

पुस्तकी सल्ल्यात चेहरा ७० आयआरईवर (उजेडाचं माप: ० काळा, १०० पांढरा) ठेवायला सांगतात. तो गोऱ्या कातडीचा आकडा. आपल्याकडचे बरेच चेहरे ४५ ते ६०च्या दरम्यान छान बसतात. कोडॅकच्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला वर्षानुवर्षं गोऱ्या बाईच्या फोटोचं 'शर्ली कार्ड' वापरलं जायचं, त्याच घरातली ही सवय. आणि "जरा गोरी करा ना" म्हणणाऱ्या काकूंना नाही म्हणायची गरज नाही: चेहरा किंचित उजळ करा, रंग फिकट करू नका, त्या खूश होतात. सावळ्या कातडीची सावली कशी राखाडी न होता ऊबदार राहते हे बघायचं असेल तर लक्ष्मीविलासच्या आवारातल्या फतेहसिंह संग्रहालयात रविवर्म्याच्या तैलचित्रांसमोर थोडा वेळ उभं राहावं. बडोदेकरांना यासाठी दूर जायला नको.

आता रात्र. गरब्याच्या फुटेजमध्ये चेहऱ्यावर निव्वळ निळा एलईडी पडला असेल तर लाल चॅनलमध्ये जवळपास काहीच नसतं, आणि नसलेला रंग चारांपैकी कोणताही रस्ता आणून देत नाही. तिथे निळा निळाच ठेवावा आणि कट करताना पांढरा स्पॉट पडलेले क्षण निवडावेत. साध्या पांढऱ्या एलईडीचाही घोळ असतो. डब्यावर छापलेला सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, हा पहिल्या आठ चाचणी-रंगांची सरासरी असतो. कातडीला लागणारा गडद लाल, म्हणजे आर९, त्यात मोजलेलाच नसतो. मग चेहरे हिरवट येतात. तेवढं थोड्या मॅजेंटाने दोन्ही सॉफ्टवेअरांत निघतं.

निघत नाही ती नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) चढवलेला, त्यात ८-बिट ४:२:०ची फाइल, म्हणजे दर चॅनलला २५६ पायऱ्या आणि चार पिक्सेलमागे रंगाचा एकच नमुना. अशा चेहऱ्यावर क्वालिफायर लावला की गालाच्या कडेला चौकटी उमटतात. इथे स्टुडिओ आवृत्तीचं टेम्पोरल नॉइज रिडक्शन (मागच्यापुढच्या फ्रेम ताडून दाणे काढणारं) पैसे वसूल करतं: आधी नॉइज काढा, मग क्वालिफायर लावा. किंमत २९५ डॉलर, एकदाच. प्रीमियरचं भाडं मात्र चालूच राहतं. स्टुडिओत फेस रिफाइनमेंटही आहे. डोळे, ओठ, गाल ते आपोआप वेगळे काढतं, समोरून घेतलेल्या एकट्या चेहऱ्यावर चांगलं चालतं. पण स्मूदिंगचा स्लायडर जरा पुढे गेला की नवरी मेणाची दिसते. त्यासाठी म्हणून स्टुडिओ घेऊ नका.

प्रीमियरमध्येच राहावं असे लोकही आहेत. ज्यांचं बहुतेक काम स्टुडिओतल्या मुलाखती, रील, संस्थांचे कार्यक्रम असं एका प्रकाशातलं आहे, त्यांना ल्युमेट्री पुरून उरतं. ज्यांच्याकडे दुसरा माणूस प्रीमियरवरच कट करतो, त्यांनीही हंगामाच्या तोंडावर बदल करू नये; नवरात्र आणि तुळशीचं लग्न यांच्या मधे नवं सॉफ्टवेअर शिकणं हा वेडेपणा आहे. पावसाळ्यात शिका.

रिझॉल्व्ह उतरवण्याआधी एकच गोष्ट तपासा. विंडोजवर फुकट आवृत्तीत काही कॅमेऱ्यांच्या १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती असलेल्या) फाइली चालत नाहीत, आवाज येतो आणि चित्र येत नाही. तेव्हा स्वतःच्या कॅमेऱ्यातली हळदीची एक आणि गरब्याची एक अशा दोन क्लिपा टाकून बघा. गरब्याची क्लिप निवडताना सगळ्यात वाईट निवडा.