साखर न घातलेला बेळगावी कुंदा : दुकानातला आणि घरगुती

कुंदा म्हणजे दूध आटवून केलेली बेळगावची दाणेदार मिठाई. बेळगावात ‘शुगर-फ्री कुंदा’ या नावाखाली जे विकले जाते ते सगळे एकाच जातीचे नाही, आणि मधुमेह असलेल्या माणसाने डबा घरी आणण्यापूर्वी त्यातला फरक समजून घेतला पाहिजे. एका प्रकारात खव्याला सुक्रालोज हे कृत्रिम गोड द्रव्य लावून गोडी आणलेली असते. दुसऱ्यात माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ घालून साखरेचे वजन आणि तिची चकाकी भरून काढलेली असते. तिसरा प्रकार दुकानात क्वचितच दिसतो. त्यात बाहेरून काहीही गोड न घालता दूधच इतके आटवलेले असते की त्याची स्वतःची गोडी वर येते. पहिले दोन मी खडेबाजार आणि कॅम्प भागातील दुकानांतून घेतले, आणि तिसरा अनगोळमध्ये राहणाऱ्या एक काकू मागणीप्रमाणे घरी करून देतात. तिन्ही खाऊन, आणि खाल्ल्यावर ग्लुकोमीटरवर रक्तशर्करा पाहून, माझे मत असे झाले आहे की ज्याला कुंदा म्हणावे असा यांतला एकच आहे, आणि तो काकूंचा.

माझे बालपण शहापुरात गेले. परीक्षेचा निकाल लागो, घरी पाहुणा येवो किंवा कोणी पुण्या-मुंबईला निघो, कुंदा आणला जाईच, आणि आम्हां मुलांच्या वाट्याला वाटीच्या तळाशी राहील एवढा का होईना, यायचा. टाइप २ मधुमेहाचे निदान झाल्यावर आहारतज्ज्ञांनी दिलेल्या कागदावर ‘मिठाई बंद’ असे लिहिलेले होते. जिलेबी आणि बुंदीचे लाडू सोडणे मला फारसे जड गेले नाही. कुंदा सुटला तो मात्र मनाला लागला. म्हणून या पदार्थातून साखर काढली तर मागे काय उरते, हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ चवीपुरता नाही.

कुंद्याचा तपकिरी रंग आणि खमंगपणा जळलेल्या साखरेमुळे येतो अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. दूध मंद विस्तवावर दीर्घकाळ आटते तेव्हा त्यातील लॅक्टोज ही दुधाची शर्करा आणि दुधातील प्रथिने यांची उष्णतेत परस्परांशी अभिक्रिया होते. लुई-कामी मैलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली अशा अभिक्रियांचे वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. भाकरीच्या पापुद्र्यावर पडणारे डाग आणि कढईच्या कडेला धरणारी दुधाची खरवड यांचा रंग याच अभिक्रियेतून येतो. नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, आहे त्या रूपात या अभिक्रियेत भाग घेत नाही. ती आंबटपणाने किंवा उष्णतेने फुटावी लागते. याचा व्यवहारातला अर्थ असा की साखर काढली तरी कुंद्याचा रंग आणि त्याचा भाजका वास यांचा मोठा भाग दुधातून मिळवता येतो, मात्र त्यासाठी दूध घाईने आटवून चालत नाही.

दुकानातून आणलेल्या पहिल्या कुंद्यात नेमकी ही घाई दिसली. डबा उघडल्यावर आत फिकट, बदामी रंगाचा, ओलसर खवा होता. चमच्याने उचलला तर तो दाणा न दाखवता पेढ्याच्या मिश्रणासारखा एकजीव निघाला. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असल्याने ते चिमटीपेक्षाही कमी लागते. त्यामुळे गोडी भरपूर येते, पण साखरेचे वजन, तिचा ओलावा धरून ठेवण्याचा गुण आणि तिची चकाकी यांची जागा रिकामीच राहते. पहिल्या घासाला हा कुंदा बरा लागला. गिळल्यानंतर मात्र जिभेच्या मागच्या बाजूला एक धातूसारखी गोडी बराच वेळ रेंगाळली, आणि तिने वेलदोड्याचा वास पार झाकून टाकला.

दुसरा प्रकार दिसायला अधिक देखणा होता. माल्टिटॉलची गोडी साखरेच्या ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि त्याला साखरेसारखेच अंग असते, त्यामुळे दाणा, चकाकी, तोंडात विरघळण्याची रीत हे सगळे ओळखीचे वाटले. परंतु माल्टिटॉल हा साखरेचा पूर्णपणे निरुपद्रवी पर्याय नव्हे. त्याच्या एका ग्रॅममधून दोनहून थोडे अधिक किलोकॅलरी मिळतात, तो रक्तातील साखर कमी प्रमाणात का होईना पण वाढवतो, आणि जास्त खाल्ल्यास पोट बिघडवतो. डब्यावर तशी सूचना अगदी बारीक अक्षरांत, फक्त इंग्रजीत छापलेली होती. ज्या घरांत मधुमेहाचे रुग्ण बहुधा साठी ओलांडलेले असतात आणि त्यांचे वाचन मराठीत किंवा कन्नडात चालते, तिथे ही सूचना कोणासाठी छापली आहे, हे मला समजले नाही.

याहून गंभीर बाब डब्यावरच्या नावाची आहे. देशाच्या अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त शर्करा नसेल तरच त्याला ‘शुगर-फ्री’ म्हणता येते. कुंदा दुधाचा असेल तर हे होणे अवघड आहे. एक लिटर म्हशीच्या दुधात सुमारे ५० ग्रॅम लॅक्टोज असते आणि ते दूध आटून साधारण २०० ते २२५ ग्रॅम खवा होतो. रंग येताना थोडे लॅक्टोज खर्ची पडते, तरी वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक शर्करा खव्यात उरतेच. ‘साखर घातलेली नाही’ हे विधान खरे ठरू शकते, ‘साखर नाही’ हे ठरू शकत नाही. या दोन वाक्यांतल्या अंतरावर विसंबून एखादा रुग्ण अर्धा डबा संपवतो, आणि मग दोष त्याच्या पथ्यावर येतो.

काकूंनी ही गोष्ट फोनवर पहिल्याच वेळी सांगितली. “साखर मी घालत नाही, पण दुधाची साखर असतीच की ओ ताई, तेवढं डॉक्टरास्नी विचारून घ्या आणि मग सांगा,” असे त्या म्हणाल्या. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला आधी सावध करावे हा अनुभव मला दुर्मीळ वाटला, आणि त्यांच्याकडे जाऊन कुंदा होताना पाहण्याची परवानगी मी मागितली ती त्यामुळेच.

त्या सकाळचे म्हशीचे दूध जाड बुडाच्या रुंद लोखंडी कढईत घेतात. पहिली उकळी आल्यावर आच कमी होते आणि उलथने तळाला लावून फिरत राहते. दूध निम्म्याच्या खाली आले की त्यात दोन चमचे आंबट दही पडते. त्याने दूध किंचित फुटते आणि कुंद्याचा दाणा तयार होतो. नेहमीच्या कुंद्यात साखर याच सुमारास पडते, सुटलेल्या पाण्याने मिश्रण पुन्हा सैल होते आणि त्या पाकात दाणे शिजत तांबूस होतात. साखर नसेल तर हा पाकच नसतो, मिश्रण लवकर कोरडे पडते आणि रंग येण्याआधीच खाली लागण्याचा धोका असतो. त्यावर काकूंचा उपाय साधा आहे, पण कष्टाचा. त्या दुधाचा एक हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवतात. कढईच्या कडेला तपकिरी खरवड धरली की त्या दुधातले पळीभर दूध कडेवरून ओततात, खरवड सोडवून मिश्रणात घेतात, आणि कड पुन्हा धरेपर्यंत थांबतात. असे वारंवार करत गेले की सगळ्या कुंद्यात खरवडीचा रंग उतरतो. दोन लिटर दुधाला या रीतीने अडीच-तीन तास सहज लागतात, आणि तेवढा वेळ कढईसमोरून उठता येत नाही. खाली उतरवल्यावर वेलदोडा आणि अगदी थोडे जायफळ पडते. हे जायफळ मला महत्त्वाचे वाटते, कारण त्याच्या वासाने तोंडाला नसलेली गोडी असल्यासारखी भासते.

हाती आलेला कुंदा गडद तपकिरी, सुटसुटीत दाण्याचा आणि कडेला थोडे तूप सुटलेला होता. लहानपणीच्या कुंद्याइतका तो गोड नाही, आणि तसा तो व्हावा ही अपेक्षा ठेवून कोणी मागवू नये. पहिल्यांदा खाताना गोडी कमी पडल्याची चुटपुट वाटते; दोन-तीन घासांनंतर मात्र भाजलेल्या दुधाची चव पुढे येते, जी नेहमीच्या कुंद्यात साखरेच्या मागे दडलेली असते. ज्यांना एवढी गोडी पुरत नाही त्यांच्यासाठी काकू एरिथ्रिटॉल या साखरेच्या आणखी एका पर्यायाची पूड घालून देतात. तो पर्याय मीही घेऊन पाहिला. एरिथ्रिटॉल रक्तातील साखर जवळजवळ वाढवत नाही, मात्र ते थंड झाल्यावर पुन्हा स्फटिक धरते आणि जिभेवर गारवा आणते. दाणेदार कुंद्यात स्फटिक खपून जातात, गारवा खपत नाही. गरम दुधाच्या पदार्थात तो परका लागतो. माझी शिफारस काहीही न घातलेल्या कुंद्याचीच आहे.

जेवणानंतर दोन तासांनी रक्तशर्करा १८० मिलिग्रॅमच्या आत राहावी असे उद्दिष्ट मला डॉक्टरांनी दिलेले आहे. रात्रीच्या जेवणात भात बाजूला ठेवून, भाकरी आणि पालेभाजीनंतर ३० ग्रॅमच्या आसपास हा कुंदा खाल्ला तेव्हा ती मर्यादा ओलांडली गेली नाही. हा माझ्यापुरता अनुभव आहे. दुसऱ्याने तो आपल्या मोजमापाशिवाय गृहीत धरू नये. हिशेबाने पाहिले तर ३० ग्रॅम बिनसाखरेच्या कुंद्यात सुमारे सात ग्रॅम शर्करा जाते, आणि लिटरभर दुधाला दीडशे ग्रॅम साखर घालून केलेल्या नेहमीच्या कुंद्यात तेवढ्याच वजनात दुपटीहून अधिक.

मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू मला कोणत्याही विक्रेत्याने सांगितली नाही, आणि ती सांगणे गरजेचे आहे. साखर काढली की तिचे वजन जाते, आणि उरलेल्या प्रत्येक घासात दुधाचा अंश वाढतो. म्हशीच्या दुधातील स्निग्धांश सहा-सात टक्के धरला तर या कुंद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात, नेहमीच्या कुंद्यापेक्षा कितीतरी जास्त. वजनास वजन पाहता त्यातील कॅलरी कमी नसून उलट थोड्या अधिक आहेत. त्यामुळे वजन किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात आणायचे असेल त्यांच्यासाठी हा पदार्थ ‘हलका’ ठरत नाही. ज्यांना दूध पचत नाही त्यांना तो चालणारच नाही, आणि मूत्रपिंडाच्या विकारामुळे फॉस्फरस व प्रथिनांवर बंधन असलेल्यांनी आटवलेल्या दुधापासून दूरच राहावे.

शहरात ‘मधुमेहींसाठी गुळाचा कुंदा’ अशीही पाटी एका ठिकाणी वाचली. गुळाचा बहुतांश भाग सुक्रोजच असतो, म्हणून ही पाटी दिशाभूल करणारी आहे. खजूर घालून केलेल्या करदंटाबद्दल गोकाककडच्या नातेवाइकांनी असाच आग्रह केला होता. करदंटातील डिंक आणि सुकामेवा उत्तम असतो, परंतु सुक्या खजुराच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शर्कराच असते, हे विसरून चालणार नाही.

सेवेबद्दल सांगायचे तर काकू आदल्या संध्याकाळपर्यंत सांगितलेले घेतात आणि पाव किलोपेक्षा कमी करत नाहीत. भाव नेहमीच्या कुंद्याच्या दुपटीजवळ जातो. तेवढ्याच वजनाला दूध किती जास्त आटते हे पाहिल्यावर तो मला वाजवी वाटला. साखर हीच टिकवणारी गोष्ट असल्याने ती नसलेला हा कुंदा प्रवासाला नेण्यासारखा नाही. फ्रिजमध्ये तीन दिवस तो चांगला राहतो, बाहेर मात्र उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी त्याला आंबूस वास येतो. सुट्या मिठाईसमोर ‘या तारखेपर्यंत खावी’ अशी पाटी लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानांना बंधनकारक आहे; काकूंच्या डब्यावर तारीख नसते, ती असायला हवी, आणि सोबत दुधाचे प्रमाणही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहिलेले असायला हवे. हे मी त्यांना सांगितले. तारीख लिहायला त्या लगेच तयार झाल्या, प्रमाणाबद्दल विचार करते म्हणाल्या.

आणखी एक सूचना मागवणाऱ्यांसाठी आहे. सणाच्या तोंडावर, विशेषतः गणपतीच्या आठवड्यात, त्यांच्याकडे मागणी वाढते आणि एकाच वेळी दोन कढया चढतात. त्या दिवसांत आलेला कुंदा रंगाने फिका आणि दाण्याने मऊ होता, खरवडीची चव त्यात जेमतेम होती. शक्य असल्यास सण उलटून गेल्यानंतरच्या आठवड्यात सांगावे, आणि सांगताना ‘गडद रंगावर करा’ एवढे आवर्जून म्हणावे.