कानात मळ अडकलाय: थेंब की डॉक्टरांकडची सफाई?

आंघोळीनंतर अचानक कानाला दडा बसतो, कारण आत साठलेला मळ पाण्याने फुगतो. अशा वेळी हात आधी कानकोरण्याकडे किंवा इअरबडकडे जातो. कृपा करून तसं करू नका, मळ आणखी आत पडद्याकडे ढकलला जातो.

कान दुखत वा वाहत नसेल, पडद्याला छिद्र नसेल, तर मी आधी थेंबच सुचवेन. औषधाच्या दुकानात मळ मऊ करणारे थेंब मिळतात. कुशीवर झोपून थेंब घाला, पाचेक मिनिटं तसंच पडून राहा. असं ३ ते ५ दिवस. सुरुवातीला दडा वाढल्यासारखा वाटतो, घाबरू नका. तेल घरात कढईत तापवून मात्र कधीच ओतू नका, आतली त्वचा फार नाजूक असते.

डॉक्टरांकडे खर्च होतो, पण ते आत पाहून काम करतात: सक्शनने, म्हणजे बारीक नळीने मळ ओढून, किंवा शरीराइतक्या, ३७ अंश कोमट पाण्याच्या पिचकारीने. पाणी गार असेल तर चक्कर येते. मधुमेह असेल, श्रवणयंत्र असेल, लहान मूल असेल, तर थेट तिकडेच जा. ऐकू येणं एकाएकी बंद झालं तर त्याच दिवशी.